बोटीचा रंग राहू द्या, कॉम्प्रेशनचा आकडा दाखवा

जुन्या बोटीचा सौदा करताना विकणाऱ्याकडे एक कागद मागा, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. कागद छोटाच आहे. इंजिनाला तीन सिलिंडर असतील तर त्यावर तीन आकडे, चार असतील तर चार. कोणत्या सिलिंडरला किती कॉम्प्रेशन भरलं, कोणत्या तारखेला मोजलं, कोणी मोजलं, इंजिन गरम होतं की थंड. हा कागद नसेल तर पैसे मोजू नयेत. आणि बोट माणसांची ने-आण करणारी असेल तर अशा कागदाशिवाय ती पाण्यात उतरूच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

नेवासा फाट्यावर माझं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप आहे. वडिलांनी उभं केलं, आता मी चालवतो. समुद्र इथून लांब, मग बोटीच्या इंजिनाशी याचा काय संबंध, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण १९७६ साली जायकवाडी धरण झालं आणि आमच्या तालुक्याच्या उशाशी समुद्रासारखं पाणी आलं. त्या धरणाच्या जलाशयाचा, नाथसागराचा, फुगवटा पैठणपासून प्रवरासंगम, टोक्यापर्यंत येतो. धरण भरलं की साठा शंभर टीएमसीच्या पुढे जातो आणि कायगावच्या पुलावरून पाहिलं तर पाण्याचा शेवट दिसत नाही. या पाण्यावर मासेमारी चालते, पक्षी बघायला आलेल्या लोकांना बोटीतून फिरवलं जातं, काठावरच्या गावांचं येणं-जाणं चालतं. या बोटींची इंजिनं शेवटी आमच्यासारख्यांच्याच हाताखाली येतात, कारण विहिरीवरचं इंजिन आणि बोटीतलं इंजिन यांचा आत्मा एकच आहे.

तो आत्मा म्हणजे दाब. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, ठिणगी पडत नाही. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबत नेतो. ती सोळा-सतरा पट दाबली गेली की पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा आला की आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग इथं इंजिन चालवून दाखवलं ते याच जोरावर. आपल्याकडे शेतोशेती दिसणारं किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं एव्ही-वन घ्या, त्यातही हवा साडेसोळा पट दाबली जाते. हा दाब कुठून तरी निसटू लागला की हवा पुरेशी तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, ताकद जाते, धूर येतो. निसटायला वाटा मोजक्याच आहेत: झिजलेल्या रिंगा, ओरखडलेला लायनर, नीट न बसणारा वॉल्व आणि उडालेलं हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन मोजणं म्हणजे इंजिन न उघडता या सगळ्या वाटा एकदम तपासणं.

घोडेगावच्या बाजारात म्हैस घेणारा माणूस विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे मोजत नाही, समोर धार काढून बघतो. जुनी बोट घेणारा मात्र लाखांचा व्यवहार ‘चालू करून दाखवतो’ एवढ्या आश्वासनावर करून मोकळा होतो. इंजिन चालू झालं म्हणजे ते चांगलं आहे, हा समज मला सर्वांत घातक वाटतो.

त्याला कारण आहे. आमच्याकडे बोटींचे सौदे बहुतेक उन्हाळ्यात होतात, म्हणजे पाणी वाढेपर्यंत डागडुजी होऊन धंदा सुरू करता यावा. मे महिन्यात नेवाशात दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही. अशा उन्हात कॉम्प्रेशन बरंच उतरलेलं इंजिनही पहिल्या सेल्फला उठतं, कारण आत जाणारी हवा आणि सिलिंडरचं लोखंड दोन्ही आधीच तापलेलं असतं. तेच इंजिन डिसेंबरच्या पहाटे सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवतं, पांढरा धूर सोडतं आणि उठत नाही. त्यातून विकणाऱ्यानं गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन अर्धा तास चालवून ठेवलेलं असेल तर कोणालाच काही कळत नाही. जाड ऑइल भरलं की रिंगांमधली गळती काही दिवस झाकली जाते. बाहेरून रंगाचा हात मारला की गॅस्केटच्या कडेला आलेले तेलाचे ओघळ दिसेनासे होतात. म्हणून बोट बघायला जाल तेव्हा आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. विकणारा कुरकुरला तर कुरकुरू द्या.

अशीच एक बोट तपासायला मला बोलावलं होतं. गोदाकाठच्या गावातल्या तीन तरुणांनी पर्यटकांसाठी जुनी फायबरची बोट घ्यायचं ठरवलं. बोट मूळ कोकणातली, एका दलालाच्या मध्यस्थीनं इकडे आलेली, तीन सिलिंडरचं इंजिन. दलाल मला म्हणाला, “मिस्तरी, एका सेल्फला उठतंय. अजून काय बघायचं राहिलं?” आम्ही दुपारी पोहोचलो तेव्हा हेड गरमच होतं. मी काहीच तपासलं नाही. किल्ली त्या पोरांकडे ठेवायला लावली आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना गेलो. तिसऱ्या सेल्फला इंजिन उठलं, पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि बराच वेळ ते एका सिलिंडरला चुकत राहिलं.

मग इंजिन नीट गरम करून कॉम्प्रेशन घेतलं. पहिल्या सिलिंडरला दर चौरस इंचाला ३९० पौंड, दुसऱ्याला ३८५, तिसऱ्याला २५५. चांगल्या स्थितीतलं डिझेल इंजिन साधारण ३०० ते ५०० पौंडांच्या दरम्यान दाब दाखवतं, नेमका आकडा त्या-त्या इंजिनाच्या कंपनीच्या पुस्तकात असतो. पण मी नुसत्या आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक जास्त बघतो. सगळी सिलिंडरं एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत हवीत. इथं तिसरं जवळजवळ पस्तीस टक्क्यांनी खाली होतं. तिसऱ्यात अगदी थोडं, चमचाभरच ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा गेलेल्या असत्या तर ऑइलनं फट भरून आकडा चांगलाच चढला असता. तो विशेष हलला नाही. मग पिस्टन वरच्या टोकाला आणून त्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. ऑइल भरायच्या तोंडाशी आवाज नाही, एअर फिल्टरकडे नाही. सायलेन्सरच्या पाइपातून फुसफुस स्पष्ट ऐकू येत होती. म्हणजे एक्झॉस्टचा वॉल्व.

हेड उतरवल्यावर त्यामागची गोष्ट कळली. समुद्रातल्या अनेक बोटींमध्ये इंजिन थंड करून झालेलं पाणी एक्झॉस्टच्या बाकात सोडतात, धुराबरोबर ते बाहेर जातं. त्या बाकाला खाऱ्या पाण्यानं आतून भोक पाडलं होतं आणि इंजिन बंद असताना पाणी उलटं वॉल्वपर्यंत झिरपत होतं. वॉल्वच्या सीटवर गंजाचे खड्डे पडले होते. हे पाणी आणखी थोडं पुढे गेलं असतं तर सिलिंडरमध्ये साचलं असतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळला असता, कनेक्टिंग रॉड वाकला असता आणि सगळं इंजिन भंगारात गेलं असतं. सीट घासून, वॉल्व आणि तो बाक बदलून पुन्हा मोजलं तेव्हा ३९५, ३९० आणि ३८० आलं. त्या कामाचा सगळा खर्च बोटीच्या किमतीतून कमी झाला, कारण घासाघीस करायला पोरांच्या हातात आकडे होते. दलालानं सुरुवातीला आवाज चढवला, पण कागदावर लिहिलेल्या २५५ पुढं त्याला बोलता येईना.

हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. डिझेलचा कॉम्प्रेशन गेज काही हजार रुपयांत मिळतो. फक्त पेट्रोलच्या गाडीचा गेज वापरू नका, तो तीनशे पौंडांपर्यंतचाच असतो आणि डिझेलला लावला तर फुटतो. डिझेलचा हजार पौंडांचा असतो आणि नोझलच्या जागी बसवायला प्रत्येक इंजिनाचा वेगळा अडॅप्टर लागतो. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. डिझेल बंद करायचं, सगळे नोझल काढायचे म्हणजे इंजिन सारख्या वेगानं फिरतं. नोझलखालचे तांब्याचे वायसर नवे घालायचे. काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारायचा, आकडा लिहायचा, पुन्हा एकदा मोजायचं. मोकळ्या भोकांसमोर तोंड न्यायचं नाही, आतलं तेल आणि डिझेल जोरात उडतं. ऑइल टाकून मोजायची परीक्षाही जपून करायची. डिझेल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावर जागा फार थोडी असते, जास्त ऑइल गेलं तर पाण्यासारखाच घात होतो.

एक गोष्ट कोकणातून बोट आणणाऱ्यांनी खास लक्षात ठेवावी. ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला ४०० दाखवणारं इंजिन आमच्याकडे तेवढं दाखवणार नाही. जायकवाडीचं भरलेलं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर उंचीवर आहे. इथं मुळातच हवा विरळ, म्हणून त्याच इंजिनाचा आकडा पाचेक टक्क्यांनी कमी, ३८० च्या आसपास भरतो. तापोळा-बामणोलीला, कोयनेच्या शिवसागरावर, आणखी थोडा कमी. हा दोष नाही आणि यावरून कोणी विकणाऱ्याला खोटं ठरवू नये. उलट एखादं सिलिंडर इतरांपेक्षा फारच जास्त दाखवू लागलं तर मला शंका येते. पिस्टनवर कार्बनचा थर बसला असेल किंवा आत ऑइल उतरत असेल.

बोट कुठून उतरली आहे हेही विचारा. कोकणातली असेल तर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत ती किनाऱ्यावर ओढलेली असते. त्या ओल्या हवेत इंजिन महिनोन्‌महिने न फिरवता पडलं तर ज्या सिलिंडरचा वॉल्व उघडा राहिला तिथं रिंगा गंजून खोबणीत चिकटतात. इंजिन कमी चाललंय म्हणून चांगलं असेल, हा हिशेब इथं उलटा पडतो. आमच्या बाजूला धोका वेगळा. नदीतून वाळू उपसणाऱ्या बोटींवरची इंजिनं, बऱ्याचदा ट्रकची सहा सिलिंडरची, गुपचूप विकायला येतात. रात्र-रात्र पूर्ण लोडवर, गाळाच्या पाण्यावर थंड होत, एअर फिल्टरची पर्वा न करता चाललेलं इंजिन असतं ते. गाळ पाण्याच्या जॅकेटमध्ये बसतो, लायनर एका बाजूनं तापतो, झिजतो. अशा इंजिनाचं कॉम्प्रेशन घेतलं की सहा सिलिंडरचे सहा वेगळेच आकडे येतात. माझा सल्ला विचाराल तर ते घेऊच नका.

विकणाऱ्यांची एक तक्रार मात्र रास्त आहे. जुन्या इंजिनाचे नोझल हेडमध्ये घट्ट बसलेले असतात, काढताना तुटतात, आणि गिऱ्हाईक तर ‘विचार करून सांगतो’ म्हणून निघून जातं. मग नुकसान कोणी सोसायचं? माझ्या मते तपासणी मागणाऱ्यानं सोसायचं, आणि हे आधीच लिहून ठरवावं. परदेशात जुन्या नौकांचा सर्वेक्षक बहुतेक वेळा नोझलला हात लावत नाही, इंजिनासाठी वेगळा माणूस बोलावतात, त्यामागे हेही एक कारण आहे. नोझल काढायचेच नसतील तर निदान पहिली चाचणी म्हणून ऑसिलोस्कोपला जोडलेला करंट क्लॅम्प वापरता येतो. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला की प्रत्येक सिलिंडर दाबताना मोटार जास्त करंट ओढते. सगळे चढ सारखे दिसले पाहिजेत. एक चढ खुजा दिसला की ते सिलिंडर दुबळं, आणि तेव्हा नोझल काढायची मागणी करायला आधार मिळतो. पण हा क्लॅम्प फक्त तुलना सांगतो. सगळी सिलिंडरं सारखीच झिजलेली असतील तर तो गप्प राहतो. मग इंजिन चालू करून ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, किती धूर मारतो हेही बघून घ्यावं.

कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे सगळं चांगलं, असंही मी म्हणत नाही. बेअरिंग, ऑइलचा दाब, गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, पाण्याचा पंप हे सगळं वेगळं तपासावंच लागतं. पण सुरुवात इथून व्हायला हवी, कारण बोटीतल्या इंजिनाचं मोठं काम जमिनीवरच्या इंजिनासारखं सोपं नसतं. डेकखालच्या अरुंद जागेत मागच्या सिलिंडरपर्यंत हात पोचत नाही, इंजिन वर काढायला क्रेन लागते, आणि आमच्या काठावर क्रेन उभी राहील असा धक्का नाही.

पैशापेक्षाही मला काळजी माणसांची आहे. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर उसाचं पाणी एक दिवस लांबतं. भरल्या नाथसागरात, वारा सुटलेला असताना, प्रवासी घेऊन चाललेल्या बोटीचं इंजिन बंद पडलं तर बोट लाटांना आडवी होते. तिचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवायला इंजिनाशिवाय दुसरं काही नसतं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी धरणाच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचं कारण वारा होता, इंजिनाला मी दोष देत नाही. पण धरणाचं पाणी शांत असतं, तिथं काय होणार, असं जे आपण धरून चालतो ते किती चुकीचं आहे हे त्या संध्याकाळनं दाखवलं. असा वारा आमच्याकडेही मे-जूनमध्ये येतो, आणि तो येईल तेव्हा बोटीत दुबळं सिलिंडर असता कामा नये.

कायदा आहे. १९१७ चा जुना कायदा बाजूला सारून संसदेनं अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ केला, तो २०२२ च्या जूनपासून लागू झाला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि सर्वेक्षणाचा दाखला त्यात सांगितलेला आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतं. माझी मागणी एवढीच आहे की नाथसागर, उजनी, शिवसागर अशा जलाशयांवर प्रवासी वाहणाऱ्या प्रत्येक जुन्या बोटीच्या दाखल्यासोबत सिलिंडरनिहाय कॉम्प्रेशनचे आकडे जोडावेत, आणि दरवर्षी पाणी चढायच्या आत ते पुन्हा घ्यावेत. गेल्या वर्षी ३९०, यंदा ३४० असं दिसलं तर इंजिन कधी दगा देईल हे त्यानं दगा देण्याआधी कळतं. सर्वेक्षकाला प्रत्येक गावी येणं जमत नसेल तर आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड शिकवला जातो, तिथल्या निदेशकांना आणि मुलांना हे काम द्या. मुलांना खरी इंजिनं हाताळायला मिळतील आणि बोटवाल्याला चार पैशांत कागद मिळेल. मच्छीमार सोसायट्यांनीही एक गेज आणि दोन-चार अडॅप्टर सामाईक घ्यावेत. एका सभासदावर फारसा भार पडणार नाही.

बोटवाल्यांना माझं सांगणं आहे की हा कागद तुमच्या विरोधात नाही. ज्यानं इंजिन जपलं त्याला विकताना याच आकड्यांवर जास्त भाव मिळेल. आणि वाचकहो, पावसाळा सरल्यावर प्रवरासंगमला, पैठणला किंवा तापोळ्याला पोराबाळांसह बोटीत बसाल तेव्हा आधी लाइफ जॅकेट मागा, आणि बोटीचा दाखला व इंजिन शेवटचं कधी तपासलं याची तारीख विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्या बोटीत बसू नका.